जुनं घर पाडायचं की मजबूत करायचं? किल्लारीचा भूकंप आजही काय सांगतो?

बुलढाणा जिल्ह्यातल्या मेहकर तालुक्यात हिवरा आश्रम हे गाव आहे. विवेकानंद आश्रमामुळे ते राज्यभर ओळखलं जातं. या भागातल्या जुन्या गावठाणांत फिरलं तर तीन पिढ्यांची घरं शेजारी शेजारी दिसतात. आजोबांच्या काळातलं दगड-मातीचं धाब्याचं घर, त्याला चिकटून वडिलांनी बांधलेली विटांची खोली आणि रस्त्याच्या कडेला मुलानं उभं केलेलं कॉलम-बीमचं घर.

तिन्ही घरांत माणसं राहतात आणि तिन्ही घरांत एकच प्रश्न कधी ना कधी निघतो: भिंतीला तडा गेलाय, आता काय करायचं? पाडून नवं बांधायचं, की आहे तेच मजबूत करायचं?

बहुतेक वेळा तिसराच पर्याय निवडला जातो. तडा सिमेंटनं बुजवतात, वरून रंग मारतात आणि विषय संपतो. घर नवं दिसू लागतं, पण मजबूत झालेलं नसतं.

जुन्या घरांचं मजबुतीकरण म्हणजे नेमकं काय, ते कसं करतात आणि कधी करू नये, हे समजून घ्यायचं तर ३० वर्षांहून अधिक मागे, हिवरा आश्रमपासून दोनशेहून अधिक किलोमीटर दक्षिणेला जावं लागतं. किल्लारीला.

किल्लारीत घरं का पडली?

३० सप्टेंबर १९९३. पहाटेचे ३ वाजून ५६ मिनिटं. आदल्या दिवशी गणपती विसर्जन झालं होतं आणि लोक गाढ झोपेत होते. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांच्या सीमेवर सुमारे ६.२ तीव्रतेचा भूकंप झाला. सुमारे ८ हजार लोकांचा मृत्यू झाला.

६.२ ही जगाच्या मानानं फार मोठी तीव्रता नाही. मग एवढी माणसं का गेली? कारण ती घरातच, घराखाली गाडली गेली.

या भागातल्या घरांच्या भिंती दोन फूट किंवा त्याहूनही जाड होत्या. बाहेरून त्या भक्कम दिसत. पण आत पाहिलं तर ती एक भिंत नसून दोन भिंती असायच्या. एक बाहेरच्या बाजूला रचलेल्या दगडांची, दुसरी आतल्या बाजूला रचलेल्या दगडांची आणि मधल्या पोकळीत चिपा, खडी आणि माती. दोन्ही बाजूंना धरून ठेवणारे आरपार दगड फार थोडे, किंवा अजिबात नसायचे.

जमीन हलली तशा या दोन बाजू एकमेकींपासून सुटल्या. मधली माती खाली घसरली आणि तिनं दोन्ही बाजूंना आणखी बाहेर ढकललं. भिंतीचं पोट फुटलं आणि वरचं छत खाली आलं.

आता या छताचं वजन बघू. धाब्याच्या किंवा माळवदाच्या छतावर मातीचा जाड थर असतो. घर उन्हाळ्यात थंड राहावं आणि पावसात गळू नये, म्हणून दर काही वर्षांनी त्यावर आणखी माती टाकली जाते. दहा बाय बारा फुटांच्या खोलीवर दीड फूट माती असेल, तर तिचं वजन आठ टनांच्या आसपास भरतं. झोपलेल्या माणसांच्या डोक्यावर मातीनं भरलेल्या दोन-अडीच ट्रॅक्टर ट्रॉल्या, असा हा हिशोब आहे.

भूकंपात वजन हाच शत्रू असतो. एसटीनं अचानक ब्रेक मारला की उभ्या माणसाला पुढे झटका बसतो. हातात जड पिशवी असेल तर तो झटका जास्त जाणवतो. घराचंही तसंच आहे. घर जितकं जड, तितका त्याला बसणारा आडवा झटका मोठा.

काही ठिकाणी मात्र वेगळं चित्र दिसलं. जिथं छताचा भार भिंतीवर नसून लाकडी खांब आणि तुळयांवर होता, म्हणजे खणाचं घर होतं, तिथं भिंती ढासळूनही काही छतं खांबांवर उभी राहिली. घर मोडलं, पण आतली माणसं वाचली.

म्हणजे दोष दगडाचा नव्हता. घराचे भाग एकमेकांना बांधलेले नव्हते आणि डोक्यावर वजन फार होतं. मजबुतीकरणाचं सगळं शास्त्र या दोन गोष्टींभोवती फिरतं.

भूकंपानंतर काय झालं?

राज्य सरकारनं जागतिक बँकेच्या मदतीनं मोठा पुनर्वसन कार्यक्रम हाती घेतला. सर्वाधिक नुकसान झालेल्या ५२ गावांचं स्थलांतर करून नवी गावं वसवण्यात आली. पुनर्वसन म्हटलं की आजही हीच नवी गावं लोकांना आठवतात.

पण या कार्यक्रमाचा आकड्यानं सर्वांत मोठा भाग वेगळाच होता. पडली नाहीत पण तडकली, अशी घरं हजारो गावांत होती. ती जागेवरच दुरुस्त आणि मजबूत करायची होती. अशा घरांची संख्या दीड लाखाहून जास्त होती. काम घरमालकांनीच करून घ्यायचं, सरकारनं पैसे आणि तांत्रिक मार्गदर्शन द्यायचं, अशी रचना होती. गावोगाव ही माहिती पोहोचवण्यासाठी 'स्वयम शिक्षण प्रयोग' या संस्थेच्या मदतीनं हजाराहून अधिक गावांत स्थानिक महिलांना 'संवाद सहायक' म्हणून नेमण्यात आलं. सळई किती जाडीची हवी, पट्टा कुठं घालायचा, हप्ता कधी मिळणार, हे गावातली बाईच शेजाऱ्यांना समजावून सांगू लागली.

तरीही एक गोष्ट अवघड गेली. लोकांचा दगड-मातीवरचा विश्वासच उडाला होता. ज्या भिंतीनं माणसं घेतली, तीच भिंत दुरुस्त करून पुन्हा तिच्याखाली झोपायचं, हे मनाला पटणं कठीण होतं. त्यामुळे अनेकांनी मजबुतीकरणासाठी मिळालेल्या पैशातून जुन्या घराशेजारी सिमेंटची एक नवी खोली बांधली.

त्यांची भीती खरी होती आणि नवी खोली सुरक्षितही होती. पण कुटुंब एका खोलीत मावत नाही. जुनं घर वापरात राहिलं. त्यात धान्य ठेवलं गेलं, चूल पेटली आणि कुणीतरी झोपूही लागलं. ते घर होतं तितकंच कच्चं राहिलं.

हीच गोष्ट आजही दिसते. ग्रामीण भागातल्या प्रधानमंत्री आवास योजनेत सपाट प्रदेशात नव्या पक्क्या घरासाठी १ लाख २० हजार रुपये मिळतात. घरकुल उभं राहतं. त्यामागचं जुनं घर मात्र अनेक ठिकाणी तसंच वापरात असतं, बऱ्याचदा घरातल्या म्हाताऱ्या माणसांसाठी.

'आपल्याकडे कुठं भूकंप होतो?'

१९९३ पूर्वी किल्लारीतही हेच म्हटलं जायचं. देशाच्या भूकंप नकाशात हा भाग तेव्हा पहिल्या, म्हणजे सर्वांत कमी धोक्याच्या क्षेत्रात होता. २००२ मध्ये नकाशा सुधारताना हे पहिलं क्षेत्रच काढून टाकण्यात आलं आणि किल्लारीचा भाग तिसऱ्या क्षेत्रात गेला. त्याआधी ११ डिसेंबर १९६७ रोजी कोयनेच्या भूकंपानंही दख्खनचं पठार पूर्ण स्थिर असल्याच्या समजाला धक्का दिला होता. २०२४ मध्ये मार्च आणि जुलै अशा दोन महिन्यांत हिंगोली जिल्ह्यात साडेचारच्या आसपास तीव्रतेचे धक्के बसले.

आणि भूकंपाचं सोडा. मातीच्या आणि दगड-मातीच्या भिंती दर पावसाळ्यात कुठं ना कुठं कोसळतात. सलग झड लागली की भिंतीत पाणी मुरतं, मातीची पकड सुटते आणि रात्रीतून भिंत येते. भूकंपासाठी घर बांधून घेतलं तर ते या रोजच्या धोक्यालाही जास्त चांगलं तोंड देतं.

डागडुजी आणि मजबुतीकरण यात फरक काय?

घरांची दुरुस्ती आणि भूकंपविरोधी मजबुतीकरण यासाठी भारतीय मानक ब्युरोचं स्वतंत्र मानक आहे. त्याचा क्रमांक आयएस १३९३५. ते १९९३ मध्ये आलं आणि २००९ मध्ये सुधारण्यात आलं. त्यातली विभागणी सोप्या शब्दांत अशी आहे:

- डागडुजी: प्लास्टर, रंग, फरशी, दारं-खिडक्या, वायरिंग. घर वापरण्याजोगं होतं, ताकद वाढत नाही.
- पूर्ववत करणं: तडे भरणं, पडलेला भाग पुन्हा बांधणं. घराची गेलेली ताकद परत येते.
- मजबुतीकरण: घरात मुळात नव्हती ती ताकद नव्यानं घालणं.

घरावर खर्च होणाऱ्या पैशाचा मोठा वाटा पहिल्या प्रकारात जातो, कारण तो डोळ्यांना दिसतो. तिसऱ्या प्रकारातलं बरंचसं काम प्लास्टरखाली झाकलं जातं.

आधी तडा वाचा

सगळे तडे सारखे नसतात. इंजिनीअरला बोलावण्याआधी घरातल्या कुणालाही या गोष्टी तपासता येतात:

- प्लास्टरवर जाळीसारख्या बारीक रेषा: बहुतेक वेळा फक्त प्लास्टरचा दोष. चिंतेचं कारण नाही.
- दार-खिडकीच्या कोपऱ्यातून निघालेला तिरपा तडा: पाया खचतोय किंवा वरचं लिंटेल कमी पडतंय.
- विटांच्या सांध्यांतून पायऱ्या-पायऱ्यांनी जाणारा तडा: पाया एका बाजूनं खाली किंवा वर सरकतोय.
- दोन भिंतींच्या जोडावर उभा तडा, वर रुंद आणि खाली अरुंद: भिंती एकमेकींपासून सुटत आहेत. गंभीर.
- भिंतीला पोट सुटणं: दगडी भिंतीच्या दोन बाजू वेगळ्या होत आहेत. ओळंबा लावला की लगेच कळतं. अत्यंत गंभीर.
- कॉलम, बीम किंवा स्लॅबवर सळईच्या रेषेत गेलेला तडा, त्यावर तांबूस डाग: आतली सळई गंजतेय.

तडा जुना आहे की वाढतोय, हे ओळखण्याची साधी पद्धत आहे. तड्याच्या आडवी काचेची एक पातळ पट्टी दोन्ही टोकांना सिमेंटनं चिकटवून ठेवायची आणि तारीख लिहायची. भिंत सरकली की काच फुटते. काही महिने काच शाबूत राहिली, तर तडा थांबलेला आहे. भिंतींच्या जोडावरचा तडा किंवा सुटलेलं पोट असेल, तर मात्र काचेची वाट बघत बसू नये.

दगड-मातीचं घर कसं मजबूत करतात?

किल्लारीनंतर या घरांसाठी ज्या पद्धती सुचवल्या गेल्या, त्यात रुडकीचे भूकंप अभियांत्रिकीतज्ज्ञ प्रा. आनंद स्वरूप आर्य यांचा मोठा वाटा होता. यातली बरीचशी कामं गावातला गवंडी शिकून करू शकतो. क्रम मात्र पाळावा लागतो.

१. आधी वजन उतरवा. छतावरची जादा माती काढायची आणि साधारण वीतभर थर ठेवायचा. गळती थांबवण्यासाठी मातीच्या खाली जाड प्लास्टिकचा कागद अंथरतात. माती सगळीकडून सारखी, थोडी थोडी काढायची. एका बाजूची काढून दुसरीकडे ढीग लावला तर काम चालू असतानाच छत खाली येऊ शकतं. कुजलेल्या तुळया याच वेळी बदलता येतात. पाहिजे तिथं आधी टेकू द्यायचे.

२. भिंतीच्या दोन बाजू एकमेकींना शिवा. साधारण मीटरभर अंतरावर भिंतीतला एकेक दगड सब्बलीनं अलगद सैल करून काढायचा आणि आरपार भोक करायचं. घणाचे घाव घालायचे नाहीत, कारण आजूबाजूची माती निखळते. त्या भोकात दोन्ही टोकांना वाकवलेली सळई ठेवून काँक्रीट भरायचं आणि आठ-दहा दिवस पाणी मारायचं. बांधकामाच्या वेळी न घातलेले आरपार दगड असे नंतर घालता येतात.

३. घराला पट्टा बांधा. दारं-खिडक्यांच्या वर, चारी भिंतींवर आतून आणि बाहेरून सळई आणि वेल्डमेश जाळीचा पट्टा लावतात. आधी तिथलं प्लास्टर काढून दगडांचे सांधे कोरायचे, जाळी भिंतीला ठोकायची, आतली आणि बाहेरची जाळी भिंतीतून आरपार तारेनं जोडायची आणि वरून सिमेंटचा दाट माल मारायचा. पिंपाच्या फळ्यांना लोखंडी कडं जे करतं, तेच हा पट्टा चार भिंतींना करतो. तो कुठंही तुटता कामा नये. तीनच भिंतींवर घातलेला पट्टा जवळपास निरुपयोगी ठरतो.

४. कोपरे बांधा. भूकंपात कोपरे आधी उघडतात. म्हणून कोपऱ्यांवर जोत्यापासून छतापर्यंत उभी जाळी आणि सळई लावून ती पट्ट्याला जोडतात.

५. खणाचं घर असेल तर खांब-तुळईचा सांधा पक्का करा. जुने सांधे नुसते खाचेत बसवलेले असतात. खांब आणि तुळई यांच्यामध्ये तिरपे लाकडी किंवा लोखंडी आधार बोल्टनं बसवले, तर चौकट एका बाजूला कलत नाही.

या घरांमध्ये हमखास होणारी चूक म्हणजे संपूर्ण मातीच्या भिंतीवर सिमेंटचं गुळगुळीत प्लास्टर चढवणं. सिमेंट मातीला नीट धरत नाही. भिंतीत मुरलेली ओल बाहेर पडायला वाट उरत नाही आणि आतली माती भुसभुशीत होत जाते. भिंतीचं पोट सुटत असेल तर तेही प्लास्टरमागे झाकलं जातं.

विटांच्या घराचं काय?

विटांच्या घरात स्लॅब भिंतींवर टेकलेला असेल आणि नऊ इंची भिंती असतील, तर गोष्ट बरीच बरी असते. अडचण येते ती पत्र्याच्या घरांत. स्लॅब नसल्यामुळे भिंतींची वरची टोकं मोकळी असतात आणि झटका बसला की एकेक भिंत स्वतंत्रपणे डोलते. इथंही उपाय तोच: लिंटेलच्या पातळीवर चारी बाजूंनी सलग पट्टा आणि कोपऱ्यांत उभी सळई.

चार इंची भिंतीवर स्लॅब टेकवला असेल, तर पट्ट्यानं भागत नाही. तिथं इंजिनीअरच्या सल्ल्यानं भिंत जाड करावी लागते किंवा मध्ये आधार द्यावे लागतात.

पत्र्याच्या घरांत आणखी एक सवय धोक्याची आहे. वादळात पत्रे उडू नयेत म्हणून त्यावर दगड ठेवले जातात. पत्रा उडालाच, तर तेच दगड आत झोपलेल्या माणसांवर पडतात. जे-हुकनं पत्रा खालच्या पाइपाला आवळणं आणि पाइप भिंतीतल्या पट्ट्याला जखडणं, हा त्यावरचा साधा उपाय आहे.

काळ्या मातीतली घरं का तडकतात?

भूकंप झालेला नसताना आणि घर दहाच वर्षांचं असतानाही भिंतीला तडे जातात. कापूस-सोयाबीनच्या पट्ट्यात याचं कारण अनेकदा पायाखाली असतं. काळी माती पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. शेतात उन्हाळ्यात भेगा पडतात, तशाच त्या घराखालीही पडतात. पाया उथळ असेल तर घर दर वर्षी थोडं वर-खाली होतं. उन्हाळ्यात रुंदावणारे आणि पावसाळ्यात मिटणारे तडे ही त्याची खूण आहे.

असे तडे सिमेंटनं कितीही वेळा भरले तरी पुन्हा उघडतात. खरा उपाय पायाजवळचा ओलावा वर्षभर सारखा ठेवणं हा आहे:

- घराच्या चारी बाजूंनी काँक्रीटचा किंवा फरशीचा रुंद पट्टा करायचा, उतार घरापासून बाहेर.
- छताचं, न्हाणीचं आणि नळाचं पाणी पाइपनं दूर न्यायचं. भिंतीलगत पाणी साचू द्यायचं नाही.
- भिंतीला लागून मोठं झाड लावायचं नाही. त्याची मुळं पायाखालचं पाणी ओढून घेतात.

पाया खूप खचला असेल, तर भिंतीखाली टप्प्याटप्प्यानं, थोड्या थोड्या लांबीत खोल पाया घालावा लागतो. हे काम तज्ज्ञाशिवाय करू नये. सगळी बाजू एकदम खणली तर भिंत उभी राहायला काही उरत नाही.

आरसीसी घर म्हणजे कायमचं पक्कं?

नाही. काँक्रीटमधल्या सळईला गंजण्यापासून तिच्यावरचं काँक्रीट वाचवतं. कॉलममध्ये हा थर, म्हणजे 'कव्हर', सर्वसाधारणपणे ४० मिलिमीटर आणि स्लॅबमध्ये २० मिलिमीटर असावा, असं मानक सांगतं. साइटवर मात्र सळई कित्येकदा थेट फळीवर टेकलेली असते. मग हवा आणि ओल आत पोहोचते, सळई गंजते, गंज मूळ लोखंडापेक्षा दुपटीहून जास्त जागा घेतो आणि वरचं काँक्रीट फोडतो. स्लॅबचे पोपडे पडून सळया उघड्या दिसतात, त्या यामुळे.

त्यावर नुसता सिमेंटचा हात फिरवला तर आतला गंज चालूच राहतो. योग्य पद्धतीत आधी गळती थांबवतात. नंतर सैल काँक्रीट काढून सळई चकाचक घासतात, फार झिजली असेल तिथं नवी सळई जोडतात, गंजरोधक लेप देतात आणि मगच दुरुस्तीचा माल भरतात. कॉलम कमजोर असेल तर त्याभोवती नव्या सळयांचा पिंजरा करून काँक्रीटचं जॅकेट घालतात. जागा कमी असेल तिथं कार्बन किंवा काचेच्या तंतूंचं खास कापड गुंडाळण्याची पद्धतही वापरली जाते. ती महाग आहे.

दुसरा धोका आराखड्यातला आहे. खाली पार्किंग किंवा शटरचे गाळे आणि वर भिंतींनी भरलेलं घर, अशी इमारत खालच्या मजल्यावर लुळी असते. २६ जानेवारी २००१ च्या भुज भूकंपात केंद्रापासून दोनशेहून अधिक किलोमीटरवरच्या अहमदाबादमध्ये अशाच प्रकारच्या अनेक इमारती कोसळल्या. रस्त्याकडेच्या गावांत आज सगळ्यांत जास्त वाढणारा घराचा प्रकारही हाच आहे. उपाय म्हणजे खालच्या मजल्यावर काही ठिकाणी काँक्रीटच्या भिंती घालणं किंवा कॉलमना जॅकेट करणं.

वर मजला चढवायचाय, चालेल का?

कॉलमच्या सळया गच्चीवर सोडून ठेवल्या आहेत, म्हणजे वर बांधता येतं, असा सर्वसाधारण समज आहे. पण प्रश्न सळयांचा नसून खालच्या फुटिंगचा आहे. ते एका मजल्यासाठी घातलं की दोन मजल्यांसाठी, हे कुणाला आठवत नाही आणि कागदही नसतो. अशा वेळी एक-दोन फुटिंग उघडून मोजणं हाच मार्ग आहे. वर्षानुवर्षं उघड्या राहिलेल्या सळया गंजलेल्याही असतात.

वजनाचा अंदाज साधा आहे. हजार लिटरची पाण्याची टाकी भरली की एक टन. चार इंची विटांची दहा फूट लांब, दहा फूट उंच भिंत दोन टनांच्या आसपास. तिच्या खाली बीम नसेल, तर ते सगळं वजन स्लॅबच्या एका रेषेवर येतं.

घरात बदल करताना भिंत किंवा खांब काढणं याहून धोक्याचं आहे. मुंबईतल्या घाटकोपरमध्ये २५ जुलै २०१७ रोजी साईदर्शन ही चार मजली इमारत कोसळून १७ जणांचा मृत्यू झाला. तळमजल्यावर सुरू असलेल्या फेरबदलात खांबांना धक्का पोहोचल्याचं पोलिसांचं म्हणणं होतं. बदल तळमजल्यावर झाला, माणसं मात्र वरच्या मजल्यांवरचीही गेली.

मुंबईत ३० वर्षांहून जुन्या इमारतींना स्ट्रक्चरल ऑडिट बंधनकारक आहे. गावातल्या स्वतःच्या घराला मात्र कुणी नोटीस पाठवून तपासणी करायला लावत नाही. ती घरमालकानंच करून घ्यायची असते. हातोड्यासारख्या उपकरणानं काँक्रीटचा कठीणपणा बघणं, ध्वनिलहरींनी आतली पोकळी शोधणं आणि गरज पडल्यास छोटा गोल तुकडा काढून प्रयोगशाळेत तपासणं, अशा चाचण्या त्यात होतात.

मग पाडायचं कधी?

प्रत्येक जुनं घर वाचवण्याजोगं नसतं. पुढच्या परिस्थितीत मजबुतीकरणावर पैसे घालण्यापेक्षा घर रिकामं करणं शहाणपणाचं आहे:

- भिंती बऱ्याच ठिकाणी ओळंब्यातून बाहेर गेल्या आहेत आणि पोट सुटलेलं आहे.
- भिंतीच्या खालच्या भागातली माती पाण्यानं धुऊन गेली आहे.
- बहुतेक कॉलममधल्या सळया झिजून बारीक झाल्या आहेत.
- घर नाल्याच्या पात्रात किंवा घसरणाऱ्या उतारावर आहे. तिथं घर मजबूत झालं तरी जागा धोक्याचीच राहते.

बाकीच्या घरांत इंजिनीअरकडून दोन्ही पर्यायांचा खर्च काढून घेऊन तुलना करावी. पाडलेल्या घराचा मलबा हलवणं, बांधकाम होईपर्यंत भाड्यानं राहणं आणि धान्य-जनावरांची सोय, हे खर्च नव्या घराच्या हिशोबात बहुतेक वेळा धरलेच जात नाहीत.

पैसे थोडे असतील तर सुरुवात कुठून?

मजबुतीकरण एकदम करावं लागत नाही. टप्प्याटप्प्यानंही करता येतं आणि पहिल्या टप्प्यांना खर्च सर्वांत कमी येतो.

१. या आठवड्यात: माळ्यावरचं आणि फडताळावरचं जड सामान खाली आणा. खाट पोट सुटलेल्या भिंतीपासून दूर सरकवा. पत्र्यावरचे दगड काढून पत्रा हुकनं आवळा.

२. पावसाळ्याआधी: भिंतीजवळ साचणाऱ्या पाण्याला वाट करून द्या. गळती थांबवा. धाब्यावरची जादा माती उतरवा.

३. हातात थोडे पैसे आले की: सगळं घर जमत नसेल, तर ज्या खोलीत माणसं झोपतात ती खोली आधी पूर्ण करा. आरपार सळया, पट्टा, कोपरे, सगळं. अख्ख्या घरात अर्धवट काम करण्यापेक्षा एक खोली पूर्ण सुरक्षित करणं जास्त उपयोगाचं आहे.

४. नवी खोली, मजला किंवा घरकुल बांधताना: त्याच बजेटमध्ये जुन्या घराचं काय करणार, हे आधी ठरवा. मजबूत करणार, की राहणं बंद करणार?

किल्लारीच्या परिसरात १९९३ नंतर हा चौथा प्रश्न बऱ्याच घरांत विचारला गेला नाही. नवी खोली झाली, फोटो निघाला आणि आजी जुन्याच घरात झोपत राहिली. तुमच्या घरात जुन्या भागात कोण झोपतं, याचं उत्तर आज रात्रीच मिळेल. काम तिथून सुरू करायचं.